मास्तरांचं बोट काळी दोनवर

फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. ती अर्धी चिरलेली भेंडी तशीच राहिली आणि संध्याकाळी नातीनं पिझ्झा मागवला, एवढ्यावरून माझी अवस्था ओळखा.

फोन एका नाट्यसंस्थेच्या कार्यवाहांचा. जुन्या संगीत नाटकांतल्या कलाकारांचा कार्यक्रम, तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी. "आपण आणि आपले त्या वेळचे नायक, दोघांनी तिसऱ्या अंकातलं ते दोघांचं पद म्हणावं, अशी आमची इच्छा आहे." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाईनं थोडे आढेवेढे घ्यावेत, 'प्रकृती बघून कळवते' असं काहीतरी म्हणावं. मला ते कधी जमलंच नाही.

"नायकही तयार आहेत," कार्यवाह म्हणाले. "पन्नास वर्षांनी गाणार आहेत. फक्त त्यांची एक अट आहे. पेटीवर ते तुमचे मास्तर नकोत. आपली हरकत नाही ना?"

"छे, हरकत कसली," असं म्हणून मी फोन ठेवला आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत फेऱ्या मारायला लागले. हॉलमधून गॅलरी, गॅलरीतून स्वयंपाकघर, पुन्हा हॉल.

"आजी, सुरी खाली ठेव," नात कानातली ती बोंडं काढून म्हणाली. तिची कंपनी हिंजवडीत, पण आठवड्यातले दोन दिवस ती घरूनच काम करते. "मी मीटिंगमध्ये आहे. तू मागून सुरी घेऊन जातेस ते सगळ्यांना दिसतंय."

सुरी ठेवली. फेऱ्या थांबल्या नाहीत. हरकत होती ना! मास्तर पेटीवर नकोत, याला कारण मी होते. आणि हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, मला आणि मास्तरांना.

आता थोडं मागं जायला हवं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, आवाज शिट्टीसारखा बारीक आणि उंच, आणि डोकं त्याहून वर. पेटीवरच्या ज्या पट्टीवर गाणारा आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. बायका साधारण काळी चार नाहीतर काळी पाचमध्ये गातात. मी काळी एकमध्ये गायचे. म्हणजे पुरुषांचीच पट्टी, पण वरच्या मजल्यावर. नाटक कंपनीत ही मोठी अपूर्वाई होती, आणि ती कुणी विसरू नये याची मी फार काळजी घ्यायचे. मे महिन्यात गळ्याला मफलर. प्रयोगाच्या दिवशी मौन. घरात पाटी-पेन्सिल घेऊन बसायचे आणि 'आमटीत चिंच नको' असं लिहून आईपुढे धरायचे. आई पाटी वाचायची, पुसायची, आणि त्याच पाटीवर 'मग उपाशी राहा' असं लिहून परत द्यायची.

आमच्या कंपनीतल्या सगळ्या गाणाऱ्यांना एक खोड होती. पट्टी कानानं ओळखायच्या ऐवजी आम्ही ती डोळ्यांनी बघायचो. ऑर्गन रंगमंचाच्या पुढ्यात, खाली. प्रवेश करायचा, बोलता बोलता दोन पावलं पुढं यायचं आणि मास्तरांचं बोट कुठल्या पट्टीवर आहे ते तिरक्या नजरेनं बघायचं. प्रेक्षकांना वाटायचं, नायिका लाजून खाली बघतेय.

मास्तर म्हणजे आमचे ऑर्गनवादक. रविवार पेठेत त्यांच्या वडिलांचं पेट्या बनवायचं दुकान होतं, आजोबांपासून चालत आलेलं. कपड्याला कडक इस्त्री, कानात अत्तराचा फाया, आणि बोलणं अगदी बेतानं. नायक माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, देखणा, खुल्या आवाजाचा. त्याच्यावर माझा काही राग नव्हता. त्याचा गुन्हा एकच. साताऱ्याच्या प्रयोगात त्या तिसऱ्या अंकातल्या पदात त्याच्या ओळीला दोन वन्स मोअर मिळाले आणि माझ्या ओळीला कुणीतरी फक्त खोकलं.

पुढचा प्रयोग पुण्यात, रविवारी दुपारी. नायकाला सर्दी झालेली. दुसरा अंक संपला तशी मी मास्तरांना गाठलं.

"मास्तर, आज ते पद काळी दोनमध्ये घ्या."

"बाई, एक आख्खा स्वर चढेल. त्यांचा घसा बसलाय आज."

"मग त्यांनी काढा घ्यावा. माझा आवाज आज फुललाय, त्याचं काय?"

"त्यांना सांगितलंय?"

"सांगते ना," मी म्हटलं. आणि सांगितलं नाही. त्या पदात नायक विंगेतून गातच प्रवेश करायचा, म्हणजे मास्तरांचं बोट त्याला दिसणार नव्हतं. हे मी हिशेबात धरलं होतं. तेवढी अक्कल मी गाण्यात घातली असती तर आज माझ्या नावानं एखादी शिष्यवृत्ती निघाली असती.

माझी ओळ झाली. टाळी आली. मग विंगेतून त्याचा आवाज आला, वर चढत गेला, आणि सगळ्यात वरच्या स्वराशी पोचायच्या आत फाटला. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उघडंच होतं. नाट्यगृह गप्प. आणि तिसऱ्या रांगेतून एक पुणेरी आवाज, अगदी शांतपणे: "अहो, कुणीतरी शिडी द्या त्यांना."

आख्खं थिएटर हसलं. मीही हसले. पदराआड, पण हसले.

नायकानं उरलेलं पद नुसतं बोलून दाखवलं. पडदा पडल्यावर तो ऑर्गनपाशी गेला आणि मास्तरांना विचारलं, "पट्टी कुणी चढवली?" मी तिथंच, शेजारी उभी. मास्तरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "माझं बोट घसरलं."

ऑर्गन वाजवणाऱ्याचं बोट आख्ख्या पदभर दुसऱ्याच पट्टीवर घसरून बसतं होय? पण नायकाला तेवढंच पुरलं. त्यानं ठरलेले प्रयोग संपवले, टपाल खात्यात नोकरी धरली आणि तीस वर्षं शिक्के मारले. पुन्हा रंगमंचावर गायला नाही. मास्तरांना 'घसरे मास्तर' असं नाव पडलं आणि दोन कंपन्यांनी त्यांना बोलावणंच बंद केलं. लग्नाकार्यांत नायक भेटला की हसून म्हणायचा, "बाई, तुमच्या मास्तरांनी मला पोस्टात टाकला!" पंगतीत हशा पिकायचा. मीही हसायचे आणि वर जिलबी मागून घ्यायचे.

आणि मी? मी त्या दिवसापासून काळी दोनची गायिका झाले. आता खाली उतरणं शक्यच नव्हतं, उतरले असते तर लोकांनी विचारलं असतं, मग त्या दिवशी कशाला चढलात? नाटकं कमी झाली तशी मी ऑर्केस्ट्रात गेले. गणपतीच्या मांडवात चमकीची साडी नेसून सिनेमाची गाणी. निवेदक ओरडायचा, "हुबेहूब तोच आवाज!" कुणाचा, ते सांगायची गरज नसायची. दहा वर्षं मी हुबेहूब कुणीतरी दुसरीच होते, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. रेडिओवर एका दंतमंजनाची जाहिरात गायले, ती तर इतकी उंच होती की शेजारचा कुत्रा भुंकायचा. पुढं वय झालं, ऑर्केस्ट्रानं सोडलं, तेव्हा नाट्यपदांचे कार्यक्रम सुरू केले आणि साथीला मास्तरांना घेतलं. उपकार केल्याच्या थाटात. सहा वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही दोघं गावोगाव हिंडत होतो, आणि मी दर कार्यक्रमात जाहीर सांगायचे, "अडुसष्टाव्या वर्षीही काळी दोन. स्वर खाली आला नाही हो माझा!"

तर, फोन आला त्या रात्री झोप लागली नाहीच. सकाळी नातीला म्हटलं, "तुझ्या त्या फोनवर तानपुरा लागतो ना? काळी दोन लाव."

तिनं लावली. मी पद सुरू केलं. पहिल्या ओळीच्या अर्ध्यातच दम लागला, आणि वरच्या स्वराला जे काही बाहेर पडलं ते ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी दार उघडून विचारलं, "काकू, पडलात का?"

"फोन बिघडलाय तुझा," मी नातीला म्हटलं.

"आजी, फोन कसा बिघडेल? काळी दोन म्हणजे डी शार्प, आणि डी शार्प म्हणजे डी शार्प."

"मास्तरांच्या पेटीवर मी याच पट्टीत गायचे. तुझा फोन चुकतोय."

आठ दिवस हेच. मी गायचे, फोन चुकायचा. दूध उतू जायचं. वर्तमानपत्र उलटंच हातात धरलेलं असायचं. दोन गोष्टी पोखरत होत्या, एक घशाची आणि एक मास्तरांची, आणि कुठली जास्त पोखरतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. खरं सांगायचं तर, घशाचीच जास्त. शेवटी शनिवारी नात म्हणाली, "चल, बस स्कूटरवर. मास्तरांकडे जाऊन एकदाचा हा इश्यू क्लोज करू."

मास्तर आता वाघोलीला मुलाकडे राहतात, नव्या टोलेजंग इमारतीत, अकराव्या मजल्यावर. ऐंशीच्या पुढचे. इस्त्री अजून तशीच. त्यांच्या सुनेनं चहा आणला आणि हसत म्हणाली, "पेपरात कार्यक्रमाचं वाचल्यापासून अब्बा रोज पेटी सुरात लावतायत. आम्हाला टीव्ही लावू देत नाहीत."

मी कप तसाच खाली ठेवला.

"बोलावणं नाही आलं ना मला?" मास्तर म्हणाले. "असू द्या बाई. मला तरी कुठं आता मांडी घालून बसता येतं." पण ते मांडी घालूनच बसले होते.

मी विषय टाळला. विषय टाळण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. म्हटलं, "मास्तर, आधी काळी दोन धरा. या मुलीला दाखवायचंय."

त्यांनी भाता ओढला, बोट काळी दोनवर ठेवलं. मी नेहमीसारखी वाकून बघितलं, आणि गायले. आणि काय सांगू, सगळं पद सहज निघालं! वरचा स्वर थोडा थरथरला, पण लागला. "बघ!" मी नातीला म्हटलं. "तुझा फोन!"

नातीनं फोन पेटीजवळ धरला होता. ती एकदा फोनकडे, एकदा मास्तरांकडे बघत राहिली. "आजी, ही काळी दोन नाहीये. ही खालची काळी पाच आहे. पाच पायऱ्या खाली."

"डोळे आहेत ना तुला? बोट बघ ना त्यांचं!"

मास्तर खोकले. मग त्यांनी पेटीच्या डाव्या अंगाची एक छोटी पितळी मूठ मला दाखवली. ती फिरवली की पट्ट्यांची आख्खी रांग सरकते. बोट काळी दोनवर, आणि आवाज खालचा. अशा पेट्या सगळ्या बाजारात मिळतात, मी हजार वेळा बघितल्या असतील. मास्तर त्या मुठीला हात लावत असतील असं मात्र माझ्या मनात कधी आलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुमच्या थोरल्याचं लग्न झालं त्या वर्षी अर्धा स्वर. मग हळूहळू. दर दोन-तीन वर्षांनी थोडं थोडं."

"आणि तबलजी?"

"त्यांना माहीत होतं. ते मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला आणायचे."

मला तो तबला आठवला. मी त्या तबलजीला म्हटलंही होतं, हल्ली तबले केवढे मोठे करतात! तो 'हो ना बाई' म्हणाला होता.

"मला सांगायचं तरी!"

"तुम्ही कानानं ऐकलं असतंत तर पहिल्याच दिवशी पकडलं असतंत," मास्तर म्हणाले. "तुम्ही बोट बघायच्या. मी बोट दाखवायचो."

नात हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. मीही हसले, पण मला बसवेना. ज्या माणसाला मी गावभर घसरे मास्तर म्हणू दिलं, तो पंधरा-वीस वर्षं मला हळूच एकेक पायरी खाली उतरवत होता, मला ठेच लागू नये म्हणून. आणि आठ दिवस पेटी सुरात लावून बसला होता.

"निघते मी," म्हटलं. "पेटी अशीच लावून ठेवा."

परत येताना लोहगावात उसाच्या रसाच्या गाड्यावर नातीला थांबायला लावलं. फोन काढला. तीनदा नंबर लावला, तीनदा कापला. चौथ्यांदा नायकानं स्वतःच उलट फोन केला. "बाई, तुमचा फोन खिशात दबतोय वाटतं."

"नाही. ऐका. त्या दिवशी पुण्यात तुमची पट्टी मास्तरांनी नाही चढवली. ती मी..."

आणि नेमकं डोक्यावरून हवाई दलाचं विमान गेलं. लोहगावात राहणाऱ्यांना याची सवय असते, मला एवढ्या जवळून नव्हती.

"काय? ऐकू आलं नाही."

"मी चढवली!"

"मोठ्यानं बोला, काहीतरी गडगडतंय!"

"मी चढवली पट्टी! मास्तरांना मी सांगितलं! तुम्हाला वन्स मोअर मिळाला म्हणून!" मी किंचाळले. विमान एव्हाना निघून गेलं होतं. रसवाल्यानं चरक थांबवला. बाकावरचे दोन म्हातारे माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यात एवढा स्वच्छ आवाज माझा लागला नव्हता.

मी फोन कानाशी घट्ट धरला. मग नायक म्हणाला, "कुठली पट्टी होती?"

"काळी दोन."

"काळी दोन? फक्त?" तो म्हणाला. "मला वाटत होतं, काळी तीन तरी असेल. एका स्वरासाठी मी पोस्टात गेलो, बाई."



"मास्तरांना पेटी घेऊन यायला सांगा," तो म्हणाला. "आणि आपण काळी दोनमध्येच गाऊ."

"अहो, या वयात..."

"काळी दोन. आणि या वेळी बोट मी बघणार आहे. तुमच्याशी मग बोलतो." फोन बंद.

तुमच्याशी मग बोलतो! पुढचे चौदा दिवस त्या तीन शब्दांनी माझा जीव खाल्ला. फोन वाजला की मी दचकायचे. एकदा नुसता गॅसवाला होता, त्यालाही मी 'माफ करा' म्हणून बसले. मास्तरांना फोनवर नायकाची अट सांगितली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्यांना बोट बघायचंय ना? दाखवू की." मला कळलं होतं ते काय म्हणतायत. त्यांनाही कळलं होतं की मी नाही म्हणणार नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी नायक काठी टेकत आला. पांढरा झब्बा, केस विरळ, पाठ मात्र ताठ. माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि सरळ मास्तरांपुढं जाऊन उभा राहिला. त्यांचा उजवा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

"घसरतं ते बोट कुठलं?"

"हे," मास्तर म्हणाले. "घसरलं नव्हतं. बाईंनी ढकललं होतं."

दोघं हसले. मला त्यात कुणी घेतलं नाही, ते योग्यच झालं.

आम्ही रंगमंचावर खुर्च्यांवर बसलो. नायक वाकला, अगदी पूर्वी आम्ही वाकायचो तसा, आणि पेटीकडे बघितलं. बोट काळी दोनवर. त्यानं मान डोलावली. पितळी मूठ पेटीच्या पलीकडच्या बाजूला, शालीखाली. तबला चांगला मोठ्या तोंडाचा. तेव्हा मी न सांगता त्याची पट्टी चढवली, आता न सांगता उतरवली. पन्नास वर्षांत माझ्यात सुधारणा झाली ती एवढीच.

माझी ओळ झाली. टाळी आली की नाही ते मला आठवत नाही, मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं डोळे मिटले. आवाज जुना झाला होता, कडेला पिंजलेला, पण चढत गेला. ज्या स्वरापाशी तो त्या दुपारी फाटला होता तिथं मी माझी बोटं खुर्चीच्या हातात रुतवली. आणि तो तिथं पोचला. पोचला आणि थांबला, अगदी आपल्या घरी आल्यासारखा.

मग तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वन्स मोअर!" मग सगळेच.

नायकानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट बघितलं. त्याला श्वास पुरत नव्हता, छाती वरखाली होत होती, आणि चेहऱ्यावर मात्र एकोणतीस वर्षांच्या माणसाचा माज होता. मास्तरांनी माझ्या बाजूला झुकून ओठ न हलवता विचारलं, "बाई, अजून अर्धा खाली घेऊ?"

मी हळूच होकारार्थी मान हलवली. आणि मग, माईकमधून सगळ्यांना, मुख्य म्हणजे एका माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, काळी दोनच ठेवा हं."